सरुबाईनं सटवाईला थांबवलं

कान्हे गावच्या सरुबाईचं ज्याच्याशी कधी भांडण झालं नाही असा माणूस शोधायला गावाबाहेर जावं लागलं असतं. एसटीचा कंडक्टर, तलाठी, रेशनच्या दुकानातला मापारी, झालंच तर देवळातला गुरवही. तिचा नवरा भिमाजी चारचौघांत म्हणायचा, "आमच्या दाराला कुत्रं लागत न्हाई." हे तो ती समोर असताना म्हणायचा, आणि तीही पदर खोचता खोचता हसायची. तिला आपल्या तोंडाची लाज नव्हती. भात झोडपावं, शेण काढावं, तसं भांडावं, असं तिचं होतं.

एका गोष्टीवर मात्र ती बोलत नसे. लग्न झाल्यावर तिला लागोपाठ दोन मुलं झाली होती, दोन्ही दिवस भरायच्या आधी. पहिला मुलगा दुसरा दिवस बघू शकला नाही. पाठची मुलगी पाचवी पुजेपर्यंत राहिली. सुईण म्हणाली तसं सगळं केलं, आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी पोर गेली. नाव ठेवायची वेळ दोघांवरही आली नाही. मग महिपती झाला, पुऱ्या दिवसांचा, आल्या आल्या घर डोक्यावर घेणारा. त्याच्यानंतर काही झालं नाही. आहे तो एक राखायचा, एवढंच सरुबाईनं मनाशी धरलं.

महिपती तळेगावला कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, पवन मावळातली नंदा सून म्हणून आली. पंच्याहत्तर सालच्या पौषात नंदाला आठवा लागला होता. विहिरीवरून हंडा आणताना तिच्या पोटात कळ आली आणि ती पायवाटेवरच बसली. गावची सुईण येऊन बघून गेली. "दिस भरल्यालं न्हाईत," ती हळूच म्हणाली, "येईल आन जाईल." सरुबाईनं तिला पुढं बोलू दिलं नाही. दुधाचा टेम्पो आडवा होऊन थांबवला, कॅन खाली उतरवून नंदाला आत झोपवलं. कामशेतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लोणावळ्याला न्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे सोय आहे.

बाजाराच्या मागच्या बोळात तो दवाखाना होता. कौलारू घर, पुढं ओटा, आत चार खाटा आणि कडेला एक लहान खोली. पोहोचल्यावर तासाभरात नंदा बाळंत झाली. मुलगा होता. भातुकलीतल्या बोळक्याएवढं डोकं, अंगावर नुसती कातडी. तो श्वास घ्यायचा तेव्हा छातीचा मधला भाग आत खड्ड्यात जायचा, आणि सोडायचा तेव्हा घशातून एक आवाज यायचा, हं, हं, हं, म्हातारं माणूस ओझं उचलताना करतं तसा.

सरुबाई त्या आवाजानं भिंतीला टेकली. हा आवाज तिनं ऐकलेला होता.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतल्या, पुण्याला मोठ्या दवाखान्यात शिकून आलेल्या. त्यांनी मुलाला कडेच्या लहान खोलीत लाकडी पेटीत ठेवलं. पेटीला वरून काच, आत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. कोपऱ्यात प्राणवायूचा लोखंडी सिलिंडर उभा होता. त्याच्यापासून एक नळी निघून मुलाच्या नाकाशी आली आणि तिथून दुसरी नळी निघून पाण्याच्या बाटलीत उतरली. बाटलीत बुडबुडे सुरू झाले. बुड बुड बुड, थांबतच नव्हते.

"ह्ये काय लावलंय?" सरुबाईनं विचारलं.

"मावशी, याची फुफ्फुसं कच्ची आहेत. नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीला गाल दुखतात की नाही? एकदा थोडा फुगला की मग सोपं जातं. याचा फुगा दर श्वासाला पार मिटतो. पुन्हा पहिल्यापासून फुंकायचं. तुम्हीआम्ही दमून जाऊ, हा तर एवढासा."

"मंग?"

"मग तो पार मिटू द्यायचा नाही. नळीचं टोक पाण्याखाली आहे बघा. श्वास सोडताना त्याला ते पाणी रेटावं लागतं, त्यामुळं थोडी हवा आतच राहते. तेवढी राहिली की पुढचा श्वास हलका."

सरुबाईनं बाटलीकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. "म्हंजे चुलीवानी. रातच्याला इस्तू पार इझू द्यायचा न्हाई, राखेखाली निखारा ठिवायचा. सकाळच्याला एका फुंकरीत पेटतंय."

"तसंच म्हणा. पण मी खात्री देत नाही हं. माझ्या दवाखान्यात हे मी पहिल्यांदाच लावतेय."

"खात्री कुनी मागितली? आन ह्यो कण्हतोय त्यो? दुखतंय का त्येला?"

"कण्हत नाही तो," डॉक्टरीणबाई पेटीवर वाकून म्हणाल्या. "श्वास सोडताना घसा आवळून धरतोय, हवा आत राहावी म्हणून. आम्ही बाटली लावून जे करतोय ना, ते तो स्वतःच करायला बघतोय. अशी मुलं बहुतेक करतात हे. झुंजतायत ती."

सरुबाई बाहेर ओट्यावर आली. भिमाजी पायरीवर बिडी काढून बसला होता, अजून पेटवली नव्हती.

"ती भांडत व्हती," ती म्हणाली.

"कोन?"

"आपली पोरगी. आन तिच्या आदीचा पोरगा. कण्हत न्हवती ती, जगाया भांडत व्हती. आन सुईण मला सांगती, तिला जायचंय गं, अडवू नगंस, मांडीवरनं खाली ठिव. मी ठिवली खाली."

भिमाजीनं बिडी बोटांत फिरवली. "तवा कुनाला ठावं व्हतं?"

"कुनालाच न्हाई. म्हनून तर तुमाला काय बोलत न्हाई." मग तिनं त्याच्या बोटांतली बिडी काढून घेतली, खिशातली काड्यापेटीही काढून घेतली. "आन हितं बिडी वडायची न्हाई. आत वाऱ्याची टाकी हाय. डागदरीण म्हनली, तिच्याजवळ ठिणगी पडली तर कापडं बी भडकत्यात. बाजारात जाऊन वडा काय वडायचं त्ये."

दुसऱ्या दिवशी महिपती कारखान्यातून रजा काढून आला. पेटीच्या काचेतून त्यानं मुलाला बघितलं आणि लगेच नजर वळवली. बुडबुडणाऱ्या बाटलीकडं बघून म्हणाला, "ह्यो हुक्का कशाला लावलाय?" कुणी हसलं नाही तेव्हा त्यानं आईला ओट्यावर बोलावलं. त्याचं म्हणणं साधं होतं. पोर राहणारं दिसत नाही, तर आपल्या घरी नेऊ. आपल्या दारात काय व्हायचं ते होऊ दे. इथं परक्या ठिकाणी नळ्या लावून कशाला हाल करायचे?

"हाल दिसतात तुला?" सरुबाई म्हणाली. "मला काम दिसतंय. तुजं पोर जन्मल्यापास्नं कामाला लागलंय, आन बाप रजेवर."

"आई, तू म्हंजे..."

"बाप झालास ना? मंग ऐक. ही टाकी सरत आली. दुसरी पुन्यास्नं आनायची, डागदरीण चिठ्ठी देनार हाय. जा आन घिऊन ये. घरी न्यायचं मागनं बगू."

महिपती गेला. संध्याकाळच्या गाडीनं सिलिंडर आला आणि स्टेशनवरून हातगाडीनं बापलेकांनी तो दवाखान्यात आणला. वाटेत लोकांनी विचारलं, काय हो हे? भिमाजीनं सांगितलं, "नातवाचं दाणापाणी." त्यानंतर महिपतीनं घरी न्यायचं काढलं नाही.

मुलगा तसाच होता. बरा नाही, वाईटही नाही. नंदाचं दूध काढून थेंबाथेंबानं त्याला देत होते. नंदा खाटेवरून उठून दर थोड्या वेळानं पेटीपाशी जाई, काचेला हात लावून उभी राही, डोळे पुशीत परत येई. सासूशी ती फारसं बोलत नव्हती. बोलणं सगळं सरुबाईच करी.

आणि मग पाचवा दिवस आला.

दिवेलागणीच्या आधी भिमाजीची थोरली भावजय मुक्ताबाई डोक्यावर पाटी घेऊन गावाहून आली. पाटीत फडक्याखाली सटवाई म्हणून पुजायचा वरवंटा, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी, कोरा कागद, दौत-टाक, तेलाची बाटली आणि कणकेचे दिवे. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि मुलाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. मुलाच्या उशाशी दिवा तेवत हवा, तिला दिसायला. दिवा नसला तर ती चिडून मुलालाच घेऊन जाते. हे मावळातल्या कुठल्याही घरात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मुक्ताबाईनं एवढ्या लांबून पाटी आणली ती मायेनं आणली होती. वाटेत तेल सांडू नये म्हणून तिनं बाटलीला चिंधीचं बूच घट्ट बसवलं होतं.

"कुटं हाय पोर?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "आन डागदरीण?"

"बाळंतपणात अडकलीया, पल्याडच्या खोलीत. वैनी, बसा. पानी घ्या."

"पानी मागनं. दिस कलला. पयला दिवा लावते." आणि तिनं ओच्यातून काड्यापेटी काढली.

सरुबाई लहान खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "दिवा आत न्हाई लावायचा."

"म्हंजे?"

"आत वाऱ्याची टाकी हाय. जाळ चालत न्हाई."

"एवढासा तर दिवा गं. कणकेचा."

"एवढीशीच काडी लागती, वैनी, गंजी जाळाया. उजेड हवा तर वर बल्ब हाय की."

"त्यो सरकारचा. देवाला चालत न्हाई."

खाटेवर नंदा उठून बसली होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "एकदा लावू द्या. लांब ठिवू. कोपऱ्यात ठिवू. माज्या आईनं बी सांगून धाडलंय, दिवा चुकवू नगा." तिनं पाय खाटेखाली सोडले. "पोर माजं हाय."

हे बोलणं सरुबाईला लागलं. मुक्ताबाईशी ती आयुष्यभर भांडत आली होती, त्याचं काही नव्हतं. पण ओल्या बाळंतिणीनं मागितलेली गोष्ट नाही म्हणायची, तीही अशा दिवशी, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर गावात कुणाचं नाव निघणार हे तिला पक्कं माहीत होतं. सासूनं दिवा लावू दिला नाही. नंदा म्हणेल, नंदाची आई म्हणेल, उद्या महिपतीही म्हणेल. जन्मभर म्हणतील.

"व्हय, तुजं हाय," ती म्हणाली. "म्हनून तर तुज्याशी भांडत न्हाई. दिव्याशी भांडतिया."

"अगं पन सटवाई?" मुक्ताबाईचा आवाज चढला. "तिला काय सांगशील? उद्या ये म्हनून? देवाला बी रांगेत हुबं करशील तू!"

"रेशनला आपन ऱ्हातोच की."

"सरू!"

"वैनी, तुमी व्हता की माज्या पोरीच्या पाचवीला. तुमीच वाती वळल्या. मी रातभर उशाशी बसून तेल घातलं, दिवा एकदा सुदीक फडफडू दिला न्हाई. लख्ख उजेड व्हता. त्या उजेडात तिनं काय लिव्हलं त्ये तुमी बगितलंय, मी बगितलंय. चुकून लिव्हलं म्हनावं तर अंधार बी न्हवता." तिनं दाराच्या चौकटीला हात आडवा लावला. "आता जरा खोळंबू द्या तिला."

नंदा तोंडावर पदर घेऊन बसली.

"आन दुसरं," सरुबाई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यो अजून जन्मलाच न्हाई."

"काय म्हनतीस?"

"पोटातलं पोर सोता श्वास घेतं का? आईच्या जिवावर असतं. ह्यो नळीच्या जिवावर हाय. म्हंजे पोटातच हाय अजून. पोट तेवढं लाकडाचं. नळी निघंल, आपल्या आपन श्वास घिईल, त्यो त्याचा जन्माचा दिस. तितनं पाचवी मोजा. सटवाईला काय घाई हाय? नऊ म्हयने थांबती, आनखी थांबंल."

"ह्ये तूच ठरवलंस?"

"कुनीतरी ठरवलंच असंल की पयल्यांदा. त्या बी बायाच असतील आपल्यावानी."

मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला. तरी ती काड्यापेटी हातात धरून एक पाऊल पुढं आलीच. मग सरुबाईनं खाली वाकून पाटीतला वरवंटा उचलला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, ही आता काय करते. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, मुक्ताबाईला बाजूला सारून ओट्यावर नेला, अगदी पायरीपाशी, आणि कुंकवाचं बोट लावून नीट बसवला.

"देवी दाराबाहेर बसवलीस?" मुक्ताबाई मागून आली.

"आमी बी दाराबाहेरच बसतुया. डागदरीण आत येऊ देती कुटं? हितं बसू दे तिला आमच्या पंगतीला. दिवा बी हितं न्हाई, वारं सुटलंय. ज्या दिवशी लावायचा त्या दिवशी लावू. आन पोराचं काय वाईट झालं तर सटवाईच्या नावावर घालू नगा, माज्या नावावर घाला. गावात सांगा. हाळी देऊन सांगा."

मुक्ताबाई आलेल्या पावली परत गेली नाही, गाडी सकाळची होती. पण रात्री तिनं सरुबाईच्या हातची भाकर घेतली नाही.

सकाळी मुलगा निळा पडला.

नळी लावलेली होती, बुडबुडे मात्र थांबले होते. नंदा ओरडली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, नळी काढली, शेंबडानं तुंबलेली होती ती झटकून साफ केली, मुलाच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, हातातल्या रबरी फुग्यानं नाकातोंडावर हवा दिली. दारात मुक्ताबाई उभी होती. "सांगितलं न्हवतं?" ती म्हणाली, फार मोठ्यानं नाही. नंदानं वळून सासूकडं पाहिलं. त्या नजरेपुढून सरुबाई हलली नाही. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

मुलानं श्वास घेतला. मग आवाज केला, हं.

"भांड," सरुबाई म्हणाली. "भांड, माज्या राजा."

डॉक्टरीणबाईंनी नळी पुन्हा लावली. बाटली बुडबुडायला लागली. मुक्ताबाई गाडीला निघाली तेव्हा पाटी तिथंच ठेवून गेली.

त्यानंतरचे दिवस एकासारखे एक गेले. छातीतला खड्डा उथळ होत गेला. घशातला आवाज एक दिवस ऐकू येईना, तेव्हा सरुबाई घाबरून डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. त्या म्हणाल्या, आता त्याला त्याची गरज लागत नाही, चांगलं आहे. नळीचं टोक त्यांनी पाण्यात थोडं वर घेतलं, मग आणखी थोडं. एका दुपारी नळी काढलीच. बुडबुडे थांबल्यावर खोलीत एवढं शांत झालं की बाजारातला फेरीवाला आतपर्यंत ऐकू आला. मुलगा आपला आपण श्वास घेत होता.

सरुबाईनं बोटावर पहिला दिवस धरला. पण संध्याकाळपर्यंत तो दमला आणि नळी पुन्हा लावावी लागली.

"जन्माला आला आन परत पोटात गेला," ती महिपतीला म्हणाली. "बापावर गेलाय. ठरत न्हाई एकदा."

खाटेवर नंदा हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या खेपेला नळी निघाली ती निघालीच. मोजणी नव्यानं सुरू झाली. सिलिंडर मागच्या पडवीत नेऊन ठेवला, आणि पाचव्या दिवशी मुक्ताबाई पुन्हा आली. या वेळी पाटी मोठी होती. पाटीत उकडलेले हरभरेही होते. "तुज्या पंचांगानं आले बग," ती सरुबाईला म्हणाली. "गावात बाया मला हसत्यात."

"हसू द्या. त्यास्नी सांगा, सरूच्या नातवाच्या दोन पाचव्या. एकीत देवीनं नुसता हवापालट केला."

"जीभ झडंल तुजी."

डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं ओट्यावर पूजा झाली. दिवा नंदानं लावला. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मुक्ताबाईनं त्यांच्या हातावरही हरभरे ठेवले.

वजन वाढेपर्यंत आणखी काही दिवस राहून घरची मंडळी निघाली. एसटीत खिडकीपाशी नंदा बसली, मांडीवर मुलगा, शेजारी सरुबाई. गाडीनं वळण घेतल्यावर नंदा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी पोराला काय झालं असतं, तर मी तुमाला जन्मभर बोलले असते."

"बोलायचंस की."

"तुमाला ठावं व्हतं?"

"ठावं व्हतं. तू बोलली असतीस, मी खाल्लं असतं. बोलनं खाऊन मानूस मरत न्हाई. तेवढ्यापायी पोराचा श्वास कोन पणाला लावंल?"

नंदानं मान हलवली. पटलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळून मुलाकडं बघत होती. केवढंसं ते पोर, कुणाची दृष्ट लागेल, वारं लागेल, असं म्हणत तिनं हात लांबवून दुपट्याचं टोक मुलाच्या तोंडावर ओढलं. रीतच आहे तशी. कोवळं मूल बाहेर काढलं की तोंड झाकायचं.

सरुबाईनं ते टोक लगेच मागं सारलं.

"कान झाकलेत," ती म्हणाली. "तोंड उगडंच ऱ्हानार. लय कष्टानं शिकलाय त्यो श्वास घ्यायला. घेऊ दे."

म्हातारी पुटपुटत पुढं वळली. सरुबाईनं तिलाही काही ऐकवायला तोंड उघडलं होतं, पण नंदाच तिच्याआधी बोलली, "आजी, त्याला हवा लागती," आणि मुलाला जरा वर उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.